सुगनभाऊंचा उजवा गुडघा

समस्त जळगावकरांना, आणि मागाहून तक्रार नको म्हणून धुळेकरांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बर्फावरून घसरण्याच्या खेळात गुडघा मोडून घेणारा खानदेशातला पहिला मनुष्य आमच्या गल्लीत राहत होता. दुसरा माझ्या तरी ऐकिवात नाही. ही बातमी ऐकून कुणी आदराने उभं राहायची गरज नाही. त्या काळात खुद्द त्या मनुष्यालाही फारसं उभं राहता येत नव्हतं.

त्यांचं नाव सुगनभाऊ. घराणं दोन-तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं, धंदा कापसाचा, गावाबाहेर स्वतःचं जिनिंग. पन्नाशी ओलांडलेली, धोतर, काळी टोपी, आणि पोट असं की ते आधी यायचं, सुगनभाऊ मागून. शेतकऱ्यांशी अहिराणीत बोलायचे, आमच्याशी मराठीत, आणि रागावले की मारवाडीत. पण रागावायला घरात कुणी नव्हतं. बायको वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन मद्रासला. स्वयंपाकाचे महाराज दोन वेळा येत, ताट झाकून ठेवत आणि जात.

त्यांच्या पेढीवर गेलं की गादीच्या मागे, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, भिंतीला टेकवलेल्या दोन लांबलचक फळ्या दिसत. पुढून वर वळलेल्या, मध्ये पाय अडकवायला पट्टे. मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, सुगनभाऊ बनियनवर बसून त्या फळ्यांना तळाकडून मेणबत्ती घासत. कापूस घेऊन आलेला शेतकरी बिचकून विचारी, "भाऊ, हाई काय शे?" सुगनभाऊ शांतपणे सांगत, "बरफवर चालाना जोडा." शेतकरी एकदा फळ्यांकडे बघे, एकदा बाहेरच्या उन्हाकडे, आणि दुसऱ्या पेढीवर भाव विचारायला जाई.

बायको गेल्यानंतरच्या हिवाळ्यात कुणाच्या तरी आग्रहाने ते काश्मीरला गेले. बरोबरची मंडळी शेगडीला चिकटून बसली. सुगनभाऊ बाहेर पडले, कुणीतरी त्यांच्या पायांत फळ्या बांधल्या, आणि कापसाचा हा व्यापारी धोतरावर लोकरी पायजमा चढवून डोंगरावरून खाली आला. कसा आला ते बघणाऱ्यांनाच ठाऊक. तेव्हापासून दर जानेवारीत वारी ठरलेली. जाण्याआधी सराव म्हणून जिनिंगच्या आवारातल्या सरकीच्या ढिगावरून घसरायचे. कापसातून रुई काढली की उरते ती सरकी. तिचे माणसाच्या तिप्पट उंचीचे ढीग तिथे हिवाळाभर असत. भाऊ घसरायला लागले की मजूर काम टाकून बघायला येत.

त्या खेळातून त्यांनी एक मंत्र आणला होता: "गुडघे वाकवा, नजर समोर ठेवा." हा ते सगळ्यांना देत. माझ्या मुलीला परीक्षेच्या वेळी दिला. शेजारच्या अक्कांना सुनेशी कसं वागावं यासाठी दिला. अक्का म्हणाल्या, गुडघे वाकत असते तर सून कशाला आणली असती.

आणि मग एका जानेवारीत त्यांचाच उजवा गुडघा उतारावर उलटा फिरला. आतला लिगामेंट तुटला. मुंबईला ऑपरेशन झालं आणि फेब्रुवारीत सुगनभाऊ मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून, रेल्वेतून चार हमालांच्या खांद्यावर, गावात परत आले. मी स्टेशनवर होतो. सांगतो तुम्हाला, पालखी अशी निघाली की दोघांनी नकळत नमस्कार केला.

मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं: व्यायाम नीट केला आणि दिवाळीपर्यंत गुडघा पूर्ण वाकला, तर पुढच्या जानेवारीत बर्फ. नाही तर फळ्या कायमच्या माळ्यावर. वर्षभर गल्लीला हा एकच प्रश्न होता. सुगनभाऊ जाणार की नाही?

गल्लीचा मुळात बर्फावर विश्वास नव्हता. न्हाणीघरात पाय घसरला आणि आता लाजेखातर काश्मीर सांगतात, असं अर्ध्या लोकांचं मत. अक्का मात्र आल्या, प्लास्टरवर टकटक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाड मोडेल नही, मंग चुना काब्र फासेल शे?" हाड शाबूत असताना हा चुना कशाला, यावर तुटलेल्या लिगामेंटची गोष्ट त्यांना समजावण्यात माझी अर्धी संध्याकाळ गेली. शेवटी त्या म्हणाल्या की बर्फ ही देवांची राहायची जागा, तिथे माणसाने घसरायला जाऊ नये; आणि उद्या तिळाचं तेल घेऊन येते.

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही. प्रत्येकाजवळ एक औषध असतं आणि ते आपल्यासमोर लावलं गेलं पाहिजे, असा हट्टही असतो. अक्का तेल घेऊन आल्या. कुणी आंबेहळद उगाळून आणली, कुणी मिठाची पुरचुंडी तापवून. अमळनेरहून एक हाडवैद्य पाल्याचा लगदा घेऊन एस.टी.ने आला. पण उजवा पाय प्लास्टरमध्ये, आणि डॉक्टरांनी बोटसुद्धा लावायला बंदी केलेली. दुसरा कुणी असता तर त्याने सरळ नाही म्हटलं असतं. सुगनभाऊंनी धोतर सारून डावा पाय पुढे केला.

महिनाभर त्या धडधाकट डाव्या गुडघ्याला तेल चोळलं गेलं, शेक दिला गेला, लेप लागले. अक्का चोळता चोळता म्हणायच्या, एका पायाचं दुसऱ्या पायाला बरोबर कळतं. येणारा विचारी, "पाय कसा शे, भाऊ?" सुगनभाऊ डाव्या गुडघ्याकडे बघून म्हणत, "बठ्ठं ठीक शे. तुमच्या औषधानेच." ते खोटं नव्हतं. त्या गुडघ्याला कधी काही झालंच नव्हतं.

प्लास्टर निघालं आणि व्यायाम सुरू झाला. डॉक्टरांनी वाळूची पिशवी पायाला बांधून पाय उचलायला सांगितलं होतं. सुगनभाऊंनी पिशवीत सरकी भरली. म्हणाले, वाळूशी आपली ओळख नाही. रोज संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून ते पाय उचलत आणि समोर गल्ली जमे. अक्कांनी डाळ निवडायचं काम तिथेच हलवलं. पाय वर गेला की सगळे श्वास धरत, खाली आला की सोडत. महाराजांना संध्याकाळभर चहा करावा लागे. एरवी जेवण झाकून निघून जाणारा तो माणूस आता भांडी घासेपर्यंत थांबायला लागला, कारण भाऊ त्याला म्हणत, थांबा हो, आता तर मंडळी आलीय.

पावसाळ्यात ते काठी घेऊन चालायला लागले. डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलं होतं, पण आधाराला माणूस हवं. मी शाळेतून सुटलो की त्यांचा हात माझ्या कोपराखाली येई आणि आम्ही मेहरूणच्या तलावाकडे निघत असू. शाळेत मास्तर असलो तरी मी नाटकातला माणूस. रस्ताभर नकला करी. ते हसत, मध्ये थांबत, पुन्हा हात घट्ट धरून चालत. नागपंचमीला थोडं लंगडत होते. दसऱ्याला थोडं लंगडत होते. दिवाळी आली, गेली, तरी थोडं लंगडतच होते. अक्का म्हणाल्या, पंगतीत मांडी घालून बसतील तेव्हा पाय बरा झाला म्हणायचा. सुगनभाऊ म्हणाले, अजून कळ येते.

डिसेंबरातली गोष्ट. शेतात वांग्याच्या भरताची पार्टी ठरली होती आणि भाऊंना आमंत्रण द्यायला मी सुट्टीच्या दुपारी जिनिंगवर गेलो. यंत्रं बंद, मजूर घरी. आवारात कुणी नव्हतं. आणि सरकीच्या ढिगाच्या टोकावर, आकाशाला टोपी टेकवून, सुगनभाऊ उभे होते.

पायांत फळ्या. काठी नाही. ते किंचित वाकले आणि निघाले. डावीकडे वळले, उजवीकडे वळले, दोन्ही गुडघे मऊ स्प्रिंगसारखे खालीवर, मागे सरकीचा करडा धुरळा. पायथ्याशी येऊन सुबक थांबले. मग फळ्या सोडल्या, खांद्यावर घेतल्या आणि तो ढीग असे भराभर चढले, की मला चढताना दोनदा बसावं लागलं असतं. मी भिंतीआड झालो आणि आमंत्रण न देताच परत आलो.

वाटेत माझ्यातला नट खूश झाला. संध्याकाळी ओट्यावर, सगळ्या गल्लीसमोर, डाळीच्या सुपासमोर, भाऊंची काठी हळूच काढून घ्यायची आणि एक छोटंसं भाषण करायचं, असं मी ठरवलं. भाषणाची पहिली दोन वाक्यं तर तयारही झाली.

पण आधी फिरणं. ते ओट्याशी काठी टेकून माझी वाट बघत उभे होते. हात माझ्या कोपराखाली आला. तलावाच्या वाटेवर मी साळसूदपणे विचारलं, "भाऊ, काश्मीरचं तिकीट काढलं का?"

त्यांनी मान हलवली. यंदा काही जमणार नाही म्हणाले, पाय साथ देत नाही. मग आपणहून सांगायला लागले, की तिथे घसरण्यापेक्षा त्यांना पडणंच जास्त आवडायचं. पडलं की तिथला शिकवणारा पोऱ्या वरून धावत यायचा, काखेत हात घालून उठवायचा, कोटावरचा बर्फ झटकायचा, लागलं का म्हणून विचारायचा. कुणीही पडलं तरी विचारायचा, पण विचारायचा. इथे जळगावात ते पेढीवर आले की लोक उठून उभे राहतात. उठून उभ्या राहिलेल्या माणसांत पडायचं कसं?

हे सगळं त्यांनी हसत सांगितलं. आम्ही तलावापाशी पोचलो होतो. पलीकडच्या काठावर धोबी कपडे गोळा करत होते. माझं भाषण कुठे गेलं, मला कळलं नाही. तरी सवय वाईट. शब्द तोंडातून गेलेच.

मी म्हटलं, "भाऊ, आज परतताना माझा हात सोडून चालून बघा. जमेल तुम्हाला."

सुगनभाऊ थांबले. माझ्याकडे बघितलं. मी काय पाहिलंय ते त्यांना कळलं असावं, कारण चेहरा एकदम उतरला. काठी काखेत मारली, पण माझ्या कोपराखालचा हात तसाच राहिला, उलट बोटं थोडी आवळली. आणि एरवी तीन भाषांत तोलून-मापून बोलणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून निघून गेलं, "मग उद्या तुम्ही कशाला याल, मास्तर?"