छताकडं बघणारे वामनराव

वामनराव पेशकार कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडं बघत नसत, छताकडं बघत. उंबऱ्याशी वहाणा काढायच्या, मान मागं टाकायची आणि हातातल्या काठीनं एकेका तुळईला ठकठक करून कान लावायचा. घरमालक बिचारा "या, बसा" म्हणत उभाच. शेवटी मान खाली आणून वामनराव विचारणार, "कुठं बसू? इथं नको. ही तुळई बद्द वाजतेय."

माझी त्यांची ओळख अशीच झाली. आमचा मुलूख निजामाकडून सुटून काही वर्षं उलटली होती. अणदूरच्या पलीकडच्या एका लहानशा गावात मला मास्तर म्हणून नेमलं होतं. वळकटी सोडून मी नुकता टेकलो होतो, तेवढ्यात शेजारून हे आले. लांब कोट, डोक्यावर काळी टोपी, मिशा पांढऱ्या. माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. वर बघितलं, काठी आपटली आणि म्हणाले, "मास्तर, तुमची ही खोली यंदाच्या पावसात जाणार. एहतियात बाळगा, एहतियात!"

एहतियात म्हणजे खबरदारी. निजामाच्या तहसिलीत जन्मभर पेशकारी, म्हणजे कारकुनी, केल्यामुळं त्यांच्या तोंडात असले शब्द रुळलेले. हा मात्र त्यांच्या फारच आवडीचा. ताक पिताना एहतियात, दाढी करताना एहतियात. गावानं त्यांचं नावच 'एहतियातकाका' पाडलं होतं.

माझी खोली त्या वर्षी गेली नाही. पुढच्या वर्षीही नाही. दर वैशाखात वामनराव येऊन नव्यानं तीच बातमी सांगत आणि खोली आपली उभीच. खरं सांगायचं तर वामनरावांचा अंदाज क्वचितच बरोबर यायचा. पण त्यांची भीती काही खोटी नव्हती. आमच्याकडची घरं माळवदाची. लाकडी तुळयांवर काटक्या-पाला अंथरायचा आणि वर जाड थर पांढऱ्या मातीचा. उन्हाळ्यात असं गार घर दुसरं नाही. पण पावसाची झड लागली की माती पाणी पिते, जड होते, आणि एखादं घर आतल्या माणसांसकट बसतं. गावाला हे माहीत होतं. फक्त वामनरावांखेरीज कुणी त्याचा बारा महिने विचार करत नव्हतं.

एकदा ते भाच्यासाठी येरमाळ्याला मुलगी बघायला गेले. मीही सोबत होतो. मुलगी येऊन पाटावर बसली. भाच्याची आई तिला नाव विचारतेय, स्वयंपाकाचं विचारतेय, आणि वामनराव छताकडं बघताहेत. मुलीचे वडील घाबरत म्हणाले, "साहेब, पसंत आहे का?"

"आं? हां, मुलगी. मुलगी चांगलीच आहे," वामनराव म्हणाले, "पण तिला आजच्या आज घेऊन जावं म्हणतो. या घरात ठेवू नका."

मुलगी पदर तोंडाला लावून इतकी हसली, की भाच्यानं तिथंच होकार दिला. आणि मुलीच्या वडिलांनी लग्नाआधी तुळई बदलली.

त्यांच्या स्वतःच्या घरात तर लढाईची तयारी. ठिकठिकाणी टेकू, त्यामुळं स्वयंपाकघरात जायचं म्हणजे बाभळीच्या रानातून वाट काढायची. दाराशी कायम एक बोचकं. त्यात मेणकापडात गुंडाळलेल्या काड्यापेट्या, गूळ, फुटाणे, कंदील, एक धोतर आणि त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं, लुगडं. देव देव्हाऱ्यात नव्हतेच, कडीच्या टोपलीत होते. नैवेद्य दाखवताना काकू मला म्हणायच्या, "बघा मास्तर, आमच्याकडं देवसुद्धा चपला घालून बसलेत."

त्यांना मूलबाळ नव्हतं. तेव्हा घर सोडून पळायची तालीम द्यायला माणसं कमी पडत. मग त्यांनी माझी शाळा धरली. आठवड्यातून एखाद्या वेळी ते पितळी परात घेऊन येत आणि दारात उभं राहून ती बडवत. परात वाजली की पोरांनी पाटीदप्तर टाकायचं, धाकट्याचा हात थोरल्यानं धरायचा, आणि रांगेनं वेशीजवळच्या दगडी धर्मशाळेत जाऊन बसायचं. तिथं प्रत्येकाला चिमूटभर फुटाणे. माझ्या पोरांना त्या तालमीचं भारी वेड. पावकी-निमकी सुरू झाली की दाराकडं डोळे लावून बसायची. "गुरुजी, आज काका न्हाय आलं?"

मोठी माणसं मात्र परातीला हसायची. वामनराव बांधाबांधानं सांगत फिरायचे, सोपानासारखा तालेवार शेतकरी त्यांना म्हणायचा, "पेशकारसाहेब, तुमी असताव म्हून पाऊस पडत न्हाय बगा. भेतोय तुमाला."

त्या भाद्रपदात मात्र पाऊस भ्याला नाही. आधी रिपरिप, मग संततधार. भिंतींना हात लावला की बोटं ओली व्हायची. रस्ता आणि ओढा यांतला फरक मिटला. एका सकाळी खालच्या गल्लीत एक गोठा बसला आणि थोड्याच वेळात परात वाजू लागली.

वामनराव डोक्यावर पोतं घेऊन चिखलातून परात बडवत चालले होते. "निघा! धर्मशाळेत चला! एहतियात!" लोक दारात आले, बघितलं, आणि सवयीनं हसले. सोपाना म्हणाला, "भाकऱ्या हून जाऊ द्या, मग बगू."

पण पोरांना परात म्हणजे परात. घराघरांतून पोरं बाहेर पडली. धाकट्याचा हात थोरल्याच्या हातात, आणि रांग निघाली धर्मशाळेकडं. आया ओरडत त्यांच्या मागं धावल्या. आयांच्या मागं बाप. बापांच्या मागं, घरात एकटं कशाला बसायचं म्हणून म्हातारी माणसं. बघता बघता खालची गल्लीच काय, सगळं गाव रिकामं झालं. सोपाना अर्धी भाकरी हातात घेऊन सगळ्यांत शेवटी आला आणि पोरावर खेकसला, "फुटाण्यापायी भिजिवलंस रं मला!"

धर्मशाळा दगडी, कमानींची. आत धूर, ओली घोंगडी, शेळ्या, रडारड. वामनराव मात्र माणसामाणसांतून हिंडत काहीतरी पुटपुटत होते. मी जवळ गेलो. ते नावं घेत नव्हते, जागा घेत होते. "सोपानाच्या ओसरीवरची दोघं, आली. इब्राहिमच्या मधल्या खणात झोपणारी पोरं, आली. त्याची आई, दाराशेजारची, आली..." मी ऐकतच राहिलो. कुठल्या घरात कुठल्या तुळईखाली कोण झोपतं, हे या माणसाला पाठ होतं. इतकी वर्षं मान वर करून ते छत बघतात असं आम्ही समजत होतो.

एकाएकी ते थांबले. "जनाबाई कुठंय? चुलीशेजारी झोपते ती?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. जनाबाई एकटी राहायची आणि ठार बहिरी. ज्याला त्याला वाटलं होतं, ती दुसऱ्या कुणाबरोबर आली असेल. परात तिला ऐकूच गेली नव्हती.

वामनराव धावले. मागोमाग मी आणि इब्राहिम पिंजारी. जनाबाईच्या घराचं दार उघडंच होतं आणि आत जागोजाग धार लागलेली. वामनराव थेट आत शिरले, वर बघितलंसुद्धा नाही. जनाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"जनाबाई, चला!" त्यांनी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"व्हय, भाकर हाय की. बसा."

त्यांनी वर बोट दाखवलं.

"गळतंय. दरसाल गळतंय ते."

इब्राहिमनं तिचा दंड धरला तशी ती कोपऱ्याकडं हात करून किंचाळली, "म्या न्हाय येत! माझी कोंबडी अंड्यावं बसलीय!"

वामनरावांनी वाद घातला नाही. गेले, कोंबडी अंड्यांसकट पाटीत उचलली, पाटी छातीशी धरली आणि खुणेनं म्हणाले, चल. कोंबडीनं त्यांच्या मनगटावर चोच मारून रक्त काढलं. आता जनाबाई पाटीमागं निघाली. आम्ही बोळाच्या तोंडाशी पोचलो असू, तोच मागं दणका बसला. जनाबाईला आवाज आला नाही, पण जमीन हादरलेली पायांना कळली. तिनं वळून बघितलं. चूल होती तिथं मातीचा ढीग होता. मग तिनं वामनरावांच्या कोटाची बाही धरली आणि धर्मशाळा येईपर्यंत सोडली नाही.

दुपारपर्यंत आणखी एक घर बसलं. ते वामनरावांचं.

बातमी सोपानानं आणली. सांगताना त्याची मान खाली होती. काकू देवांची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांनी डोळे मिटले. वामनराव म्हणाले, "मातीचं वजन झालं असेल. एहतियात म्हणून दर उन्हाळ्यात एक थर चढवत आलो." आणि स्वतःच हसू लागले. मग इब्राहिम हसला, मग काकू, मग सगळी धर्मशाळा.

"पेशकारसाहेब," सोपाना म्हणाला, "उघडीप झाली की आमी समदे मिळून बांधून देताव तुमचं घर. लाकूड माझ्या रानातलं. फकस्त माती किती टाकायची ते आमाला ठरवू द्या."

"आन् मला तिथं एक कोपरा," जनाबाई मोठ्यांदा म्हणाली. तिला काय ऐकू आलं होतं कोण जाणे.

वामनरावांनी मान हलवली. मग एका खांबाला टेकून बसले, आणि बसल्या बसल्या, भरदुपारी, त्या गलक्यात त्यांना झोप लागली. तोंड उघडं, टोपी कलती. पोरं अंगावरून उड्या मारत होती तरी जाग नाही.

मी काकूंना म्हटलं, "दमले आज."

"दमले नाहीत," काकू हळूच म्हणाल्या. "लोकांना वाटतं, यांना स्वतःच्या जिवाची भीती. पण मास्तर, झड लागली की हे कधी झोपत नाहीत. अंथरुणावर बसून राहतात. मी विचारते, तर म्हणतात, कुणाचं घर बसलं तर हाक ऐकू यायला पाहिजे. सगळी माणसं एका पक्क्या छताखाली आली, म्हणून हे आज झोपले."

हे बोलणं जवळच्या चारजणांनी ऐकलं. त्यांनी पलीकडच्यांना सांगितलं. आयांनी पोरांना ओढून मांडीवर घेतलं. सोपानानं आपलं घोंगडं काढून वामनरावांच्या पायांवर टाकलं.

तिसऱ्या प्रहरी पाऊस थांबला. कमानीतून ऊन आत आलं. ज्याला त्याला आपलं घर बघायची घाई होती, पण खांबाजवळून वाट काढताना झोपलेल्या वामनरावांना धक्का लागला असता. म्हणून कुणीच उठलं नाही.