मुक्ताचा उन्हाळा नक्की कोणता?

जुलैमधला शनिवार. इथे न्यूझीलंडमध्ये ऐन हिवाळा, अप्पर हटमध्ये गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं. आणि आमचे शेजारी महाजनकाका हाफ पँट आणि स्लिपर, म्हणजे इथल्या भाषेत जँडल्स, घालून कुंपणावर टाकलेल्या गादीला ऊन दाखवत होते. ऊन कसलं डोंबलाचं! मी दोन स्वेटर घालून कुडकुडत होते.

"काका, थंडी आहे हो!"

"इथे. स्पेनमध्ये उन्हाळाय," काका म्हणाले. नाक लालबुंद.

त्यांची मुलगी मुक्ता तिथल्या डोंगरांतल्या पाइनचा अभ्यास करते. खोडात पोकळ गिरमिट घालून पेन्सिलीएवढी कांडी काढायची आणि तिच्यावरची वलयं मोजायची. फोटो ती काकांना पाठवते. काका भिंग घेऊन मोजतात आणि मग भेटेल त्याला पकडतात. मला तर वेलिंग्टनची ट्रेन चुकेपर्यंत.

"वर्षाला एक वलय, बरोबर? पण आता हवाच बिघडली. वसंत लवकर तापतो, झाड घाईने वाढायला लागतं. ऐन उन्हाळ्यात पाणी नाही, की थांबतं. पुढे पाऊस आला की पुन्हा सुरू. झालं! एका वर्षात दोन वलयं. अगदी उंचावरची मात्र उबेने जोमात. झाडच गोंधळलंय, तिथे आपण काय!"

हे त्यांचं पालुपद. कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला, तरी झाडच गोंधळलंय.

तर गादी. मार्चमध्ये मुक्ताचा मेसेज आला होता: बाबा, उन्हाळ्यात येते. बास, एवढाच.

"इंग्रजीत लिहिलं असतं तर समर म्हणजे इथला, डिसेंबर-जानेवारी, असं धरलं असतं. पण जन्मभर मला इंग्रजीत उत्तरं देणाऱ्या पोरीने मराठीत लिहिलं! मराठी उन्हाळा कधी? एप्रिल-मे!"

म्हणून एप्रिलमध्ये गादी निघाली. कोणी आलं नाही. मग काकांना वाटलं, ती राहते स्पेनमध्ये, म्हणजे तिचा उन्हाळा जुलै. गादी पुन्हा बाहेर. माझं डोकं भणभणायला लागलं. मी बोटांवर महिने मोजले, तेही चुकले.

"अहो, सरळ फोन करून विचारा ना! एका वाक्याचं काम. द्या नंबर, मी विचारते."

काकांनी गादीवरून हात फिरवला. झाडाबिडाचं काही काढलं नाही.

"विचारलं की ती कामं बघणार आणि म्हणणार, सॉरी बाबा, यंदा नाही जमत. मागे दोन वेळा तसंच झालं. न विचारता निदान डिसेंबर तरी शिल्लक राहतो."

मला एकदम भरून आलं. रागही आला, पण कोणाचा ते कळेना. मी गादीचं दुसरं टोक धरलं. ओलीने ती चांगलीच जड झाली होती.

"आत हीटरपाशी टाकू या," मी म्हटलं, "नाहीतर डिसेंबरपर्यंत वास मारेल."