नियम सात: नातेवाइकांनी बाकावर बसावे

"ऑपरेटरने बोलायचं नसतं, बाई. जोडायचं असतं."

हे वाक्य ऑपरेटरबाईंच्या कानात एकोणिसाव्या वर्षी पडलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या थोरल्या सुपरवायझरबाईंनी पहिल्याच दिवशी, हेडफोन डोक्यावर चढवून देताना ते सांगितलं होतं. सांगताना त्यांनी केसांची बट हलकेच बाजूला केली होती, म्हणून ते वाक्य हुकमासारखं न वाटता मायेसारखं वाटलं, आणि मायेने सांगितलेलं माणूस जन्मभर पाळतं. बाईंनी चौतीस वर्षं गावाला गाव जोडलं. दुपारी बोर्ड थंड असला की बायका एकमेकींत एक ओळ गुणगुणत:

गावाला गाव जोडिते मी बाई,
मधल्या तारेला बोलणं नाही.

म्हातारपण सुखाचं जाण्यासाठी दोन गोष्टी लागतात, असं जाणकार सांगतात. एक, माणसाला इच्छा असावी. दोन, ती त्याच्या मुलांना त्याच्या आधी कळलेली असावी. ऑपरेटरबाईंच्या घरी दुसरी अट कधीच पुरी झाली होती. थोरल्या मुलाने ठरवलं होतं की आईचं दोन खोल्यांचं घर विकावं आणि आईने सहा महिने त्याच्याकडे, सहा महिने धाकट्या बहिणीकडे राहावं. योजना चोख होती. लीप वर्षातला जादा दिवस कुणाकडे, एवढाच मुद्दा बाकी होता, आणि त्यावर भावाबहिणींत खेळीमेळीने दोनदा अबोला झाला होता.

आता आईने एका मुखत्यारपत्रावर सही केली की झालं. मुखत्यारपत्र म्हणजे 'माझ्या वतीने हा सही करील' असं सांगणारी आपली शेवटची सही. म्हणून एका गुरुवारी थोरला, सून आणि धाकटी असे तिघे मिळून आईला घेऊन ज्येष्ठ नागरिक विधी साहाय्य व भावी नियोजन कक्षात आले.

कक्ष दुसऱ्या मजल्यावर होता. (लिफ्ट होती. तीही ज्येष्ठ होती, आणि तिलाही साहाय्य हवं होतं.) भिंतीवर नागरिकांसाठी उपलब्ध पर्याय लावलेले होते. मृत्युपत्र: आपल्यामागे कुणाला काय. मुखत्यारपत्र: आपल्या जागी सही कुणाची. वैद्यकीय इच्छापत्र: आपल्याला बोलता येईनासं झालं तर दवाखान्यात आपल्या वतीने कोण बोलणार. (जनतेत सर्वाधिक लोकप्रिय असलेला चौथा पर्याय, 'बघू पुढे', जागेअभावी लावलेला नव्हता.) तिसऱ्या पर्यायाशी बाई जरा रेंगाळल्या. ही सोय आपल्या घरी लग्नापासूनच आहे, असं त्यांना वाटून गेलं.

मग नियम सात आडवा आला.

नियम सात अत्यंत दूरदृष्टीचा आहे. अर्जदाराशी पंधरा मिनिटं एकांतात बोलून त्याची खरी इच्छा जाणून घ्यावी, तोवर नातेवाइकांनी बाहेर बाकावर बसावे, झालेलं बोलणं गोपनीय राहील, आणि इच्छा व्यक्त न झाल्यास पुढच्या गुरुवारी पुन्हा बैठक घ्यावी. बाक तिघांचा होता. समोरच्या दाराला धुरकट काच होती, तिच्यातून आतल्या माणसाची फक्त सावली दिसे.

आत कक्षाच्या वकीलबाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

बाई थांबल्या. असा प्रश्न विचारला की पुढे नंबर येतो, तो जोडायचा असतो. नंबर आला नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं, तर मागे कुणी नव्हतं. प्रश्न त्यांनाच होता. तीन मिनिटं गेली. जुन्या हिशेबाने एक ट्रंक कॉल. असे पाच ट्रंक कॉल होईपर्यंत बाई पंख्याकडे पाहत बसल्या, वकीलबाई तुंबलेल्या फायली उरकत राहिल्या, आणि शेवटी रकान्यात लिहिलं गेलं: 'इच्छा: विचाराधीन.'

बाहेर मात्र तिघांनी सावलीचा कसून अभ्यास केला होता. सावलीने दोनदा मान हलवली (बाईंना डास चावला होता) यावरून धाकटीने ओळखलं की दादाविषयी काहीतरी बोलणं झालंय. सुनेला ते आपल्याविषयी वाटलं.

"काय विचारलं गं आई?" थोरल्याने जिन्यात सहज विचारल्यासारखं विचारलं.

"गोपनीय आहे म्हणाल्या," बाई म्हणाल्या. यात खोटं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी एक घटना घडली. बाईंच्या स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट गेली दोन वर्षं लुकलुकत होती आणि 'पुढच्या खेपेला बघतो' या कलमाखाली प्रलंबित होती. थोरला स्टुलावर चढला आणि त्याने ती बदलली. दुसऱ्या गुरुवारनंतर न्हाणीघरात धरायला दांडी बसली. तिसऱ्यानंतर सुनेने गुडघ्यांची चौकशी केली, डाव्या आणि उजव्या अशी स्वतंत्र. चौथ्यानंतर धाकटी चक्क राहायला आली आणि आईच्या शेजारी आडवी होऊन लहानपणीसारखी बडबडत बसली. थोरल्याचे फोन पूर्वी पंधरवड्याला एक येत, ते आठवड्याला चौदा येऊ लागले. (त्यातले तीन, आईने बहिणीला फोन केलाय का हे पाहण्यासाठी.)

बाई आत दर गुरुवारी बसत आणि गप्प राहत. एकदा वकीलबाईंनी स्वतःच्या आईचं काहीतरी सांगितलं, ते बाईंनी ऐकून घेतलं. ऐकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

अशी गोष्ट झाकून राहत नाही. ट्यूबलाइटचा उजेड शेजारपाजारी पडला. बघता बघता गुरुवारी कक्षात म्हाताऱ्यांची रीघ लागली. सगळ्यांना एकांत हवा होता, इच्छा मात्र कुणीच सांगत नव्हतं. निवृत्त ड्रॉइंगमास्तरांना मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यांनी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला पुतण्या म्हणून आणून बाकावर बसवलं. इस्त्रीवाल्याने भूमिका इतकी मनावर घेतली की तो रोज दुपारी मास्तरांना "जेवलात का?" विचारू लागला, आणि गुरुवार संपले तरी ते विचारणं बंद करायचं त्याला सुचलं नाही.

कक्षाने या यशाची रीतसर पाहणी केली. बाकावरच्या नातेवाइकांपैकी ७२ टक्क्यांना पंधरा मिनिटांच्या आत आईवडिलांचा एखादा चांगला गुण आठवला. १९ टक्के दाराला कान लावताना आढळले. उरलेले ९ टक्के पाहणी सुरू होण्यापूर्वीच लावून बसले होते. पूर्ण झालेली कागदपत्रं: शून्य.

हे शून्य वर गेलं आणि वरून उपनियम खाली आला. सात (अ): बैठका सातच होतील. सातव्या बैठकीतही अर्जदाराने इच्छा व्यक्त न केल्यास मौन ही संमती समजून नातेवाइकांचा मसुदा हीच अर्जदाराची इच्छा मानण्यात यावी.

सहाव्या गुरुवारी वकीलबाईंनी तो वाचून दाखवला. मग कागद उलटा ठेवून म्हणाल्या, "बाई, पुढच्या वेळी गप्प बसलात तर घर जाईल. मला तसंच लिहावं लागेल."

तो आठवडा बाईंना जड गेला. घरातल्या अंधारात त्यांचा हात न चुकता बटणावर जाई, बोर्डावरच्या भोकात पिन जावी तसा. मधल्या सुट्टीत समोरच्या शाळेचा गलबला खिडकीतून आत येई आणि त्यांच्या हातचा चहा त्या गलबल्यावरच उकळे. हे दुसरीकडे सहा महिन्यांच्या बोलीने मिळणार नव्हतं. पण 'नाही' म्हटलं की गुरुवार संपले. गुरुवार संपले की फोन संपले. दोन्ही गुडघे पुन्हा एकाच सदरात जमा. बोलावं तर माणसं जातात, न बोलावं तर घर जातं. जन्मभर दोन टोकं जोडणाऱ्या बाईला स्वतःची दोन टोकं काही जोडता येईनात.

सातव्या गुरुवारी त्या खुर्चीत बसल्या. एक ट्रंक कॉल गेला, दुसरा गेला. चौथ्याला त्या म्हणाल्या, "दार उघडता?"

वकीलबाई दचकल्या. हा आवाज त्यांनी प्रथमच ऐकला होता. "पंधरा मिनिटं संपेपर्यंत नियमात बसत नाही," त्या म्हणाल्या.

"मग बसू."

दोघी बसल्या. पंधरा मिनिटं भरली आणि दार उघडलं. बाकावरचे तिघे उभे राहिले. सुनेच्या हातात उशी होती, आईच्या पाठीला म्हणून आणलेली.

"मी आत काहीच बोलले नाही," बाई म्हणाल्या. "सातही गुरुवार. एक अक्षर नाही."

धाकटी परत खाली बसली. थोरला म्हणाला, "मग त्या लिहीत काय होत्या?"

"त्यांचं काम."

बाईंनी दाराच्या चौकटीला हात टेकला. आवाज बारीक होता, पण ट्रंक कॉलसारखा, प्रत्येक शब्द सुटा.

"घर मी सोडणार नाही. सही देणार नाही. दवाखान्यात माझ्या वतीने बोलायची वेळ आली तर धाकटीने बोलायचं, आणि काय बोलायचं ते मी आधी लिहून देईन. आणि तुम्ही येत जा. ट्यूबलाइट चांगली आहे, तरी येत जा. तुम्ही यावं म्हणून मी सात आठवडे गप्प बसले."

कारकुनाने तत्परतेने निदर्शनास आणलं की अर्जदार सोळाव्या मिनिटाला बोलल्या, सबब बोलणं नियमबाह्य. वकीलबाईंनी निदर्शनास आणलं की कार्यालयाचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे आणि याबाबतचा पत्रव्यवहार तीन वर्षं चालू आहे. बोलणं ग्राह्य धरण्यात आलं.

थोरल्याने सुनेच्या हातातली उशी घेतली आणि ती कुठे ठेवावी हे न कळून पोटाशी धरली. "आई," तो म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू सांगायला यायचास रे," बाई म्हणाल्या. "विचारायला कधी आलास?"

हे वाक्य कुठल्या रकान्यात घालावं, असा पेच कक्षापुढे पडला. ती इच्छा नव्हती, तक्रारही नव्हती. अखेर ते 'प्रश्न' म्हणून नोंदवलं गेलं, आणि प्रश्न सर्व संबंधित नातेवाइकांना उत्तरासाठी पाठवावा या नियमाला धरून त्याच्या प्रती काढण्यात आल्या. संबंधित म्हणजे कोण, याची व्याख्या कुठेच नसल्याने कक्षाने कुणालाही वगळलेलं नाही. तुमची प्रत टपालात आहे. ती येईपर्यंत बाकावर बसावे.