पिपाणीचा बाप कोण?

तांगडे नानांनी भर शहागंजात एका सेफ्टी पिनेवरून केलेलं भांडण मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. भाव जास्त लावला म्हणून नव्हे, पीन गंजली होती म्हणूनही नव्हे. नानांनी पिनांचा पुडा उचलला, एक पीन उन्हात धरली आणि दुकानदाराला विचारलं, "ह्याचा बाप कोन?"

दुकानदार गल्ल्यावरून अर्धा उठला.

"तसं नाय. ही पीन पहिल्यांदा कुनी केली? नाव काय त्याचं?"

"हमकू क्या मालूम चाचा? अपन डझन से लाते, डझन से बेचते."

"किती वर्सं झाली दुकान टाकून?"

"तीस होते होंगे."

"तीस वर्सं ज्याच्यावर प्वाट भरतो, त्याचं नाव म्हाईत नाय? फुकटखाऊ!"

पुढच्या पंधरा मिनिटांत शहागंजच्या घड्याळापासून पार भाजीवाल्यांपर्यंत रिक्षांची रांग लागली. एक रिक्षावाला मध्यस्थीला उतरला, तर नाना त्याच्यावर फिरले. "तुझ्या मीटरचा बाप कोन? सांग!"

रिक्षावाला म्हणाला, "मीटर? वो तो कब का बंद है चाचा."

नाना मूळचे देवगाव रंगारीचे. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. आता ते माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. उंची पाच फूट, पण रागावले की साडेसहा. त्यांचा राग मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही, आणि निघालं तरी "ह्याचा बाप कोन?" असं विचारून नाना आधी तेच फोडतील.

त्यांचा सिद्धांत साधा आहे. "शोध शहाण्याला लागत नाय, चिडक्याला लागतो. ज्याला राग येतो तो शोध लावतो. ज्याला येत नाय तो इकत घेतो."

माझ्या मुलाच्या बुटाला चर्रकन उघडणारी पट्टी होती. नानांनी ती बारा वेळा उघडली, बारा वेळा लावली आणि मुलाला सोडून माझ्यावर तोफ डागली. "कसा लागला शोध, हाये का म्हाईत? एक मानूस कुत्रं घेऊन रानात फिरायला गेला. कुत्र्याच्या केसांत काटेरी गोखरू अडकले. त्यानं घरी येऊन भिंगाखाली धरले. काट्याला बारीक आकडे! झाली पट्टी. आरं, आमी देवगावात पोत्यानं गोखरू पायजम्याला लावून घरी आनायचो. काय केलं? आईच्या शिव्या खाल्ल्या! भिंग कुनी लावलं नाय. लावलं असतं तर ही पट्टी 'देवगाव पट्टी' म्हनून जगभर गेली असती."

त्यानंतर महिनाभर माझ्या मुलानं नाडीचे बूट घातले.

पाहुण्यांना पाणचक्की दाखवायची असली की मी नानांना आधी विचारतो, "आज कुठं गावाला वगैरे?" कारण एकदा ते सोबत आले होते. गाइड बिचारा सांगत होता की, डोंगरातून मातीच्या नळानं कोसावरून इथवर पाणी आणलं, त्याच पाण्यावर जातं फिरायचं.

"आनलं कुनी?"

गाइडनं एका सुभेदाराचं नाव सांगितलं.

"सुभेदारानं नळ जोडले? त्याच्या हाताला चुना लागला होता?" नाना गरजले. "डोंगरातलं पानी ज्यानं डोकं लावून चढावर चढवलं, त्या गवंड्याचं नाव सांग!"

गाइड म्हणाला, त्याची नोंद नाही.

"नोंद नाय! पानी पिलं, पीठ खाल्लं आन नोंद नाय!" नानांचा आवाज हौदावरून असा घुमला की, बंद पडलेलं जातं दोन वेढे फिरलं म्हणतात. गाइड आठ दिवस रजेवर गेला. पुढं त्यानं धंदा बदलला आणि तो लासूर स्टेशनला कांद्याच्या आडतीवर बसतो असं ऐकतो.

नानांच्या घरात अशी एकच वस्तू आहे, जिच्याविषयी नाना अवाक्षर काढत नाहीत. दिवाणखान्यात एक भिंतीवरचं घड्याळ आहे. ते त्यांना कारखान्यानं बक्षीस दिलं होतं. कारखान्यात बारीक लोखंडी गोळ्या मोजून डबीत भरायच्या असत, आणि मोजणारे चुकत. नानांनी सूचना केली की, खड्डे पाडलेली पाटी करा. गोळ्या वर ओतल्या की खड्ड्याखड्ड्यात एकेक बसते, मोजायची भानगडच नाही. साहेब खूश झाले. घड्याळ दिलं, टाळ्या वाजवल्या, आणि त्या पाटीला कारखान्यात आजही 'तांगडे ट्रे' म्हणतात. म्हणजे ज्या माणसाला जगातल्या प्रत्येक वस्तूला शोधणाऱ्याचं नाव हवं, त्याचं स्वतःचं नाव एका वस्तूला लागलेलं! दुसरा असता तर गळ्यात पाटी अडकवून हिंडला असता. मी एकदा कौतुकानं विषय काढला तर नानांनी चहाची बशी आपटली. "त्या घड्याळाकडं बघू नको. वेळ बघायची तर मोबाइल बघ."

आता पिपाणीकडं येतो.

आमच्या कॉलनीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, आणि किती वाजता येईल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. पूर्वी पाण्याच्या दिवशी बायका नळाला कान लावून बसत. लग्नं चुकत, दवाखाने चुकत, डाळ करपे. मग गेल्या वर्षी एका दुपारी नानांच्या अंगणातून असा कर्कश आवाज आला की गच्चीवरची कबुतरं थेट दौलताबादच्या किल्ल्यावर जाऊन बसली. आम्ही धावलो. नानांच्या नळाच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून एक प्लास्टिकची पिपाणी बसवलेली होती. नातवानं खुलताबादच्या उरुसातून आणलेली. ती आपल्या आपण किंचाळत होती. दहा मिनिटं किंचाळली, मग फट्‌कन उडून बादलीत पडली आणि मागून पाणी आलं!

युक्ती अशी की, कोरड्या नळात पाणी यायच्या आधी हवा येते. मागून लोंढा ढकलतो, पुढं हवा पळते. ती हवाच पिपाणी वाजवते. तुम्ही कुठंही असा, दहा मिनिटं आधी कळतं.

महिन्याभरात घराघरात पिपाण्या लागल्या. पाणी येताना कॉलनीत असा गजर होई की, एकदा खरीखुरी वरात वाजतगाजत गल्लीत शिरली तर चाळीस बायका बादल्या घेऊन बाहेर आल्या. नवरदेव घोड्यावरून उतरला आणि हंडा धरू लागला, अशी आख्यायिका आहे. मी ती स्वतः पसरवली आहे.

आणि शोध कुणाचा? यात विचारायचं काय! नळ नानांचा, शोधांचं वेड नानांना. मी कॉलनीचा सेक्रेटरी. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सत्कार ठरवला आणि कोपऱ्यावर फ्लेक्स लावला : 'पिपाणीचे जनक मा. नामदेवराव तांगडे यांचा भव्य नागरी सत्कार.' खाली नानांचा फोटो, वर माझा. माझा जरा मोठा.

पंचवीसच्या संध्याकाळी नाना माझ्या दारात उभे राहिले. मला वाटलं, आता गल्ली दणाणणार. पण आवाज इतका बारीक की, मीच घाबरलो.

"फ्लेक्स उतरव."

"नाना, मोठी माणसं असंच म्हणतात."

"आरं येड्या, पिपाणी माझी नाय. सुमनची हाये."

सुमनकाकू म्हणजे नानांची बायको. नानांचा आवाज जितका मोठा तितक्या काकू बारीक आवाजाच्या. दोघांची सरासरी काढली तर एका माणसाचा आवाज होतो.

"नळाला कान लावून बसून तिची मान धरली. चिडली एक दिवस आन पोराची पिपानी घेतली. मी तवा पेपर वाचत होतो. मला तर आवाज आल्यावर कळलं."

"मग आता? फ्लेक्स तर छापून झाला."

"ऱ्हाऊ दे मग. उद्या माईक माझ्या हातात दे. चारचौघांत तिचं नाव घेतो." जाता जाता फाटकाशी थांबले. "एकदा गप बसलो होतो. पुन्यांदा नाय."

मला त्याचा अर्थ कळला नाही. मी जिलबीच्या ऑर्डरीत होतो.

सव्वीसला झेंडा झाला, शाल झाली, नारळ झाला. नानांनी माईक घेतला. दुसऱ्या रांगेत काकू बसल्या होत्या, नव्या पातळात, मान खाली घालून. मी मनात म्हटलं, नाना, एकच वाक्य. एकच नाव. बोला आणि बसा.

पण नाना ते! माईक हातात आल्यावर सुरुवात करायची तर ती चाकापासूनच. "चाकाचा बाप कोन? कुनाला म्हाईत नाय! आन तुमी सगळे चाकावर बसून आलात, फुकटखाऊ!" मग विस्तव, मग सुई, मग पाणचक्कीचा गवंडी. सेफ्टी पिनेला पोचले तेव्हा अध्यक्षांना डुलकी लागली होती. दुसऱ्या रांगेतून काकू हातानं खुणा करत होत्या : आटपा, आटपा. नानांना ते प्रोत्साहन वाटलं. ते गोखरूवर घसरले.

शेवटी, अगदी शेवटी, छाती भरून घेऊन ते ओरडले, "आन ह्या पिपानीचा बाप कोन? बाप नाय! आई हाये! ती हितंच बसलीये! आन तिचं नाव—"

कोपऱ्यावरच्या घरातली पिपाणी वाजली.

मग शेजारची. मग सगळ्या. पाणी दोन दिवस आधी आलं होतं! माणसं उठली, खुर्च्या उलटल्या, अध्यक्ष जागे होऊन आधी पळाले. जिलबीचं ताट कुणाच्या तरी बादलीत गेलं. मिनिटभरात मंडपात मी, झेंडा आणि नाना. नानांचे ओठ हलत होते. ते नाव घेतही होते, दोनदा, तीनदा. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि मलाही ऐकू आलं नाही.

दहा मिनिटांत कॉलनीच्या ग्रुपवर पहिला संदेश आला : 'पिपाणीचे जनक नाना यांचे हार्दिक अभिनंदन. पाणी चांगल्या दाबानं आहे.'

आता सांगा, अशा दुनियेवर चिडू नये तर काय करावं! मी स्वतः चिडलो. फ्लेक्सवर माझा फोटो असूनही चिडलो.

टेबलावर राहिलेली शाल आणि नारळ घेऊन मी नानांच्या घरी गेलो. नाना अंगणात पाइप धरून हौदाकडं बघत उभे होते. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. आत काकू हंडे लावत होत्या.

"आलाच हायेस तर एक काम कर बाबा," त्या म्हणाल्या. "ते घड्याळ बंद पडलंय. सेल बदल. माझा गुडगा औंदा स्टुलावर चढू देईना."

मी घड्याळ उतरवलं, उलटं केलं. मागं पेननं लिहिलं होतं :

'ही कल्पना सुमनची. तिचं अप्पेपात्र बघून सुचली. साहेबापुढे मी गप्प बसलो. – नामदेव.'

अक्षर नानांचं होतं. शाई मात्र एका वर्षाची नव्हती. खाली फिकट निळी, तिच्यावर काळी, तिच्यावर लाल, आणि सगळ्यात वर नातवाच्या स्केचपेनचा हिरवा रंग. जरा कापऱ्या हातानं, पण एकही काना न चुकवता गिरवलेलं.

"बघतो काय असा? दर दिवाळीला सेल मीच बदलते. फिकं झालं की गिरवून ठेवते."

"नानांना माहीत आहे?"

"नाय. सेल कोन बदलतं, ते कधी इचारलं नाय. त्यांना वाटतंय, फक्त भिंतीला म्हाईत हाये." त्यांनी माझ्या हातात सेल ठेवला. "सांगू नको त्यांना. आधीच दुनियेवर चिडायला दिवस पुरत नाय."

काकू म्हणाल्या, नानांना सांगू नको. तुम्हाला सांगू नको, असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या.

मी घड्याळ लावून खाली उतरतो न उतरतो तोच नाना आत आले. खुर्चीवर शाल दिसली. ओले हात पँटला पुसले, एकदा पुसून समाधान झालं नाही म्हणून दोनदा पुसले, आणि शाल उचलून काकूंच्या खांद्यावर टाकली. टाकली म्हणजे जवळजवळ आदळलीच. चेहऱ्यावर तोच शहागंजातला राग.

"थंडी वाजती तुला."

"दहा वाजलेत. ऊन पडलंय बाहेर."

नानांनी नकळत भिंतीकडं पाहिलं. काटा चालू होता. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "हे... हे कुनी चालू केलं?"

"सेक्रेटरीनं केलं," काकू हंडा उचलत म्हणाल्या. "माझं नाव नका घेऊ. ज्याचं त्याला द्यावं."

नाना काकूंकडं बघत राहिले. मग घड्याळाकडं. मग पुन्हा काकूंकडं. आता चिडतील, मग चिडतील म्हणून मी दाराच्या दिशेनं सरकत होतो.

नाना चिडले नाहीत. काकूंच्या खांद्यावरून शालीचं एक टोक घसरलं होतं, ते त्यांनी नीट केलं, आणि त्यांच्या हातातला हंडा आपल्या हातात घेतला.