धापा टाकणारी पेटी

सुनेला माणसांशी बोलायला तोंड नाही, ही सासूबाईंची जुनी तक्रार. सकाळी चहाचा कप उचलायचा, खोलीत जायचं, दार लोटायचं आणि दिवसभर खटखट. विचारलं तर म्हणे, बाहेरच्या पेटीशी बोलते. पेटी म्हणजे कपाटाशेजारचा काळा संगणक. डिजिटल नाण्यांचे जगभरातले व्यवहार त्यात भरलेले. सुनेनं एकदा समजावलं होतं: माझा प्रोग्रॅम लायब्ररीला सांगतो, ती पेटीतल्या क्लायंटला, म्हणजे ते व्यवहार सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारते आणि उत्तर त्याच वाटेनं परत येतं. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅम.

"म्हणजे मध्यस्थ," सासूबाई म्हणाल्या होत्या. शाळा फारशी पाहिली नव्हती, पण मध्यस्थ पुष्कळ पाहिले होते. त्यांच्यावाचून या घराण्यात एक लग्न ठरलं नव्हतं की एक भांडण मिटलं नव्हतं.

त्या दिवशी मुलगा कामासाठी परगावी होता आणि संध्याकाळी सुनेला हे सगळं साहेबांना चालवून दाखवायचं होतं. जमलं तर नोकरी पक्की, नाही तर नारळ.

दुपारी सासूबाई पेटीजवळून गेल्या, तर ती भट्टीसारखी तापलेली. आतला पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता. मुक्या जिवाला घरात कुणी वाली नाही, असं पुटपुटत त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. घटकाभर पडू दे बिचारीला.

आत प्रोग्रॅमची वाचा बसली. सून उठली, पण तिचं दार करकरताच सासूबाईंनी बटण चालू केलं. सुनेनं आपल्याला जाब विचारणं त्यांच्या तब्येतीला मानवत नसे. वीज आली की पेटी आपली आपण सुरू व्हायची. सून बघते तो दिवा लागलेला, पंखा फिरतोय, पेटी ठणठणीत. म्हणजे खोट लायब्ररीत!

तिनं लायब्ररीची जुनी आवृत्ती बसवली. तोवर पेटी सावरली होती, उत्तर आलं. सून खुशीत पुढच्या कामाला लागली. सासूबाईंनी पेटीला हात लावून पाहिला. ताप परत चढलेला. पुन्हा बटण.

दुपारभर हाच लपंडाव. जुनी आवृत्ती झाली, नवी झाली, दुसरीच लायब्ररी झाली. कंपनीतला जाणता सहकारी फोनवर म्हणाला, अशी मधूनच लागणारी उचकी मी जन्मात पाहिली नाही. इकडे सासूबाई ओलं फडकं पिळून पेटीवर ठेवावं का, या विचारात.

तेवढ्यात आतून हुंदका आला. सून नवऱ्याशी फोनवर बोलत होती.

"मला नाही जमत रे. साहेबांना सांगते, दुसरं कुणी बघा. आईंना मात्र कळू देऊ नकोस. शेजारी सांगत असतात त्या, माझी सून यंत्राला बोलायला लावते म्हणून."

फडकं हातातच राहिलं. शेजारणीपाशी केलेली बढाई उलटी घरात पोचते, हे सासूबाईंच्या गावीही नव्हतं.

त्यांनी दार ढकललं. आजवर कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे सुरुवात सापडेना.

"फोन ठेव," त्या म्हणाल्या. "तुझा मध्यस्थ चांगला आहे. बटण मी बंद करत होते. पेटीला ताप होता."

सून रडता रडता अशी हसत सुटली की फोनमधला नवरा घाबरला. पेटीला तो ताप नेहमीचाच, हे तिनं सांगितलं आणि दुपारभर केलेले उपद्व्याप निस्तरायला बसली. संध्याकाळी साहेब विचारत गेले, पेटी सांगत गेली. कुणी हात लावू नये म्हणून सासूबाई बटणाला पाठ टेकून खुर्चीत पहारा देत होत्या.

नोकरी पक्की झाल्याचं सांगायला सून बाहेर आली आणि त्यांच्या पायाशीच बसली. इतक्या वेळा मी बाहेर आले, एकदा तरी सांगायचंत, असं हळूच म्हणाली.

"आणि तू एकदा तरी विचारलंस?" सासूबाईंनी तिच्या विस्कटलेल्या केसांतून हात फिरवला. "रडशील, पण विचारणार नाहीस. माझ्या लेकानं एवढं जग पालथं घातलं आणि आणली ती माझ्याच वळणाची."