निळी पलंगाखाली आहे

झाडं आणि मी यांचं जन्माचं वैर आहे, असं माझी मुलगी म्हणते. तिच्या मते माझ्याकडे निवडुंगसुद्धा तहानेने मेला. साफ खोटं! तो पाणी जास्त झाल्याने मेला. मी माणूस प्रेमळ आहे.

म्हणून या वर्षी मी फोनवर जाहीरच करून टाकलं, "तीन महिन्यांत माझ्या खिडकीत डेल्फिनियम फुलेल! बियांपासून! कमरेएवढे निळे तुरे!"

"बरं बाबा," ती म्हणाली. तिच्या ऑफिसात मागे कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. "फुलं आली की सांगा. बघायला येऊ आम्ही."

झालं! ज्या घराची बेल फक्त वरच्या मजल्यावाल्यांच्या पार्सलसाठी वाजते, त्या घरी पाहुणे यायची अट ठरली. फुलं हवीत, बस्स. लोक यासाठी आजारी पडतात. मला त्या मानाने स्वस्तात पडत होतं.

रोपवाटिकेतल्या माळ्याने बियांची पुडी देताना बजावलं, "हिला आधी थंडी लागते. फ्रिजमध्ये ठेवा. मग पेरा आणि अंधारात ठेवा. कोंब यायच्या आत उजेड दाखवलात तर रुसून बसेल."

"अंधार कुठून आणू?"

"पलंगाखाली ठेवा की! तिथे कोण राहतंय तुमच्या?"

कुणीच राहत नव्हतं. पलंगावरही अर्धी जागा रिकामीच होती.

बिया दुधाच्या भांड्याशेजारी गारठल्या, मग आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात मातीखाली गेल्या. वर काळं फडकं घातलं आणि डबा पलंगाखाली सरकवला. रोज सकाळी मी वाकून चौकशी करायचो, "काय, उगवलीस का?" मुलगी कॉलेजातून उशिरा घरी यायची तेव्हाही मी हेच विचारायचो. आवाज तेवढा वेगळा असायचा.

सुरुवातीला एवढंच. पण पलंगाखाली एकदा वाकलं की माझ्या गुडघ्यांना लगेच उठवत नाही. बसलोच आहोत तर बोलावं, म्हणून बोलत गेलो. भाजीत मीठ किती पडलं, पेपरात कोण कुणाला काय म्हणालं, रात्री झोप का लागली नाही. तिचं नावही मी निळी ठेवलं. ती फार छान ऐकायची. मध्ये बोलायची नाही.

भिंतीपलीकडेही छान ऐकणारं कुणीतरी होतं. आमच्या शेजारीणबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या आहेत. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही, असा तिथला नियम. तो त्यांनी नोकरीभर इमानाने पाळला आणि आता अनुशेष भरून काढताहेत.

एके दिवशी फडकं उचललं आणि पाहतो तो काय! मातीतून एक हिरवा आकडा वर आलेला! मी तडक माळ्याला फोन लावला. त्याच्याकडे पाण्याचा पंप चालू होता, त्यामुळे मला ओरडावं लागलं.

"उगवली! निळी उगवली! हो, एकच! बाकीच्या मेल्या बहुतेक! नाही हो, फ्रिजमधून काढल्यापासून पलंगाखालीच आहे! मान टाकलीय बिचारीने! काय? हळूहळू बाहेर काढू? आणि मेलेल्यांचं काय करू? बरं, राहू देतो तशाच पुरलेल्या! वर थोडी माती लोटतो!"

पलीकडे काहीतरी फुटलं. कपबशी असावी.

दुपारी बेल वाजली. "वरचा मजला!" असं सवयीने ओरडतच मी दार उघडलं. दारात मुलगी. तिच्या मागे जावई, हातात गाडीचा पाना. त्यांच्याही मागे शेजारीणबाई.

"बाबा, घरात कोण आहे?"

"कोण असणार?"

"निळी कोण?"

मी हरखलोच. "तुला कुणी सांगितलं? मी म्हणणार होतो, जरा अंग धरू दे, मग..."

"कुठे आहे ती?"

"पलंगाखाली. पण हळू हं, अजून नाजूक आहे."

मुलगी मटकन खुर्चीत बसली. जावई पडले सज्जन. त्यांनी आधी चपला काढल्या, मग ओणवे होऊन पान्याने डबा बाहेर ओढला.

"एवढ्याशा डब्यात मावली?" शेजारीणबाईंनी तोंडावर हात ठेवला.

फडकं निघालं. आत नखाएवढी दोन पानं, आणि वर वाकलेली आमची चार डोकी! या खोलीत एकदम चार डोकी मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

मग जे हसू फुटलं! मुलगी हसता हसता रडली आणि रडता रडता मला रागावली. पाणी प्यायला तिने फ्रिज उघडला. "बाबा, नुसतं दूध?"

"निळीला जागा नको होती का?"

"धन्य आहे तुमची! बरं, फुलं कधी येणार हिला?"

"ही काय, दोन महिन्यांत!"

"कुठले दोन महिने!" शेजारीणबाई म्हणाल्या. "माझ्या बहिणीकडे होती ही. पहिल्या वर्षी नुसती पानं. फुलं पुढच्या वर्षी!"

बाईंनी जन्मभर जगाच्या लाइनी जोडल्या. नेमकी माझी तोडली!

"हो का? मग घाई नाही," मुलगी पर्स उचलत म्हणाली. "पुढच्या वर्षी निवांत येऊ!" जावयांना मीटिंग होती. चहा राहिलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याला पाणी घातलं. खोलीभर पाहिलं. मग भिंतीपाशी गेलो आणि स्पष्ट, सावकाश आवाजात म्हणालो, "चला, आता दुसरीला बाहेर काढू या! ही पहिलीपेक्षा जड दिसतेय!"

पलीकडे खुर्ची सरकली. फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला. मी घाईघाईने शर्ट बदलला, केस विंचरले, खुर्च्यांवरचे पेपर उचलले. जावई बसतील कुठे?

बेल वाजली. इतक्या लवकर? दार उघडलं, तर एकट्या शेजारीणबाई.

"तुमची मुलगी फोन उचलत नाहीये," त्या म्हणाल्या. "म्हणून म्हटलं, आपणच जावं. कुठाय दुसरी?"

दुसरी उगवलीच नव्हती. मी आपला चहा टाकला.