निळ्यात समदं खपतं

व्यंकटकाकांच्या घरातली चित्रं बघायची असतील तर आधी खाली बसावं लागतं. उभ्या माणसाला तिथे नुसती भिंत दिसते, तीही पांढरीफटक. चित्रं सगळी खाली, गुडघ्याच्या जरा वर, आणि सगळी गडद निळी. दुकानदार ज्याला नेव्ही ब्लू म्हणतात ती निळी. निळ्यावर सोनेरी हरणं, निळ्यावर पांढरी कमळं, निळ्या आभाळाखाली निळा डोंगर. आतल्या खोलीतल्या एका चौकटीत तर नुसताच निळा रंग आहे. त्याला काका 'मॉडर्न' म्हणतात. गोदावरीला पूर येऊन गेला आणि वरची चित्रं वाहत खाली येऊन अडकली, असं त्या घराचं रूप आहे.

नव्या पाहुण्याने "एवढ्या खाली का हो लावलीत?" असं विचारलं की काकांची कळी खुलते.

"चित्र बसल्या डोळ्याला दिसाया पाहिजे. उभं राहून चित्र बघतंय का कुणी? उभं माणूस म्हंजे जायच्या घाईत."

"आणि वरची भिंत?"

"वरची भिंत पाल बघती. तिनं अजून तक्रार केली न्हाई."

व्यंकटकाका आमचे नांदेडचे शेजारी. त्यांच्या बैठकीची भिंत तीच आमच्या स्वयंपाकघराची, त्यामुळे त्यांनी खिळा ठोकला की आमच्या मांडणीवरचे डबे नाचतात. मी मूळची लातूरची. इथल्या शाळेत शिकवते म्हणून काका मला 'बाई' म्हणतात आणि लातूरची म्हणून संधी मिळेल तेव्हा टोमणे मारतात. आमच्या बैठकीला मी फिका पिस्ता रंग लावला, तेव्हा दारातूनच म्हणाले, "बाई, तुमच्या लातूरला पाण्याची टंचाई, हे म्या ऐकून होतो. रंगाची बी हाय का?"

काकांचा निळा मात्र सढळ हाताचा. आधी चित्रं आली, मग पडदे, मग फ्रिजवरचं कव्हर, मग टीव्हीवरचं. एकदा निळा टॉवेल आणला. त्याचा रंग इतका गेला की आठवडाभर काका गळ्याभोवती निळे होऊन फिरत होते. गल्लीतल्या बायका त्यांना नीलकंठ म्हणायला लागल्या. काकांना वाईट वाटलं नाही. "देवाचंच नाव हाय की," म्हणाले.

आमच्या ह्यांचे मामा एकदा त्यांच्याकडे चहाला गेले होते. आतल्या खोलीत गप्पा रंगल्या आणि तेवढ्यात लाइट गेली. संध्याकाळच्या अंधुक उजेडात मामांना ते मॉडर्न चित्र म्हणजे भिंतीतला कोनाडा वाटला. त्यांनी मोठ्या विश्वासाने चहाची कपबशी कोनाड्यात ठेवली. कप फुटला, चहा चित्रावर, चित्रावरून मामांच्या धोतरावर. मामा ओशाळून सॉरी सॉरी म्हणायला लागले. काकांनी टॉवेलने चित्र पुसलं, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "काही झालं न्हाई. निळ्यात समदं खपतं."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. चहा, हळद, तेल, धूळ, काहीही सांडलं की हेच वाक्य. मामांचं धोतर पांढरं होतं, त्यात काही खपलं नाही, तो भाग वेगळा.

गंमत अशी की हा माणूस आधी असा नव्हता. ज्यांनी चार वर्षांपूर्वीचे व्यंकटकाका पाहिलेत त्यांना हे चहाचं खरं वाटणार नाही. जिल्हा परिषदेच्या नोकरीत त्यांची हयात बदल्यांत गेली. बिलोली, नायगाव, कंधार, प्रत्येक गावी भाड्याच्या खोल्या, आणि प्रत्येक घरमालक भिंतींच्या बाबतीत खवीस. खिळा ठोकू नका, कॅलेंडर लावू नका, पोरांना पेन्सिल देऊ नका. निवृत्तीच्या तोंडावर हे घर बांधलं आणि आयुष्यभर ऐकलेलं सगळं काका स्वतःच बोलायला लागले. आता घरमालक तेच होते ना.

आणि भाडेकरू कोण? तर गयाकाकू, त्यांची बायको.

काकू म्हणजे चालतंबोलतं खोबरेल तेल. मेथीदाणे आणि जास्वंद घालून घरीच उकळायच्या, आणि हात आखडता न घेता डोक्यावर ओतायच्या. दुपारची कामं आवरली की बैठकीत सतरंजी टाकून, भिंतीला डोकं टेकून बसायच्या. ठरलेली जागा, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी. तिथेच भाजी निवडणं, तिथेच टीव्ही, तिथेच डुलकी. आणि रोज संध्याकाळी मला भिंतीपलीकडून काकांचा आवाज यायचा.

"भिंतीला डोकं लावू नको! तेल लागतंय!"

"लागू द्या. भिंत तुमची, डोकं माजं. दोघांचं बी वय झालंय, एकमेकाला टेकून ऱ्हातेत."

"नवा रंग हाय!"

"मंग म्या बी नवी होते की एकेकाळी."

दर दिवाळीला काका तेवढ्या तुकड्याला स्वतः रंग मारायचे आणि संक्रांतीपर्यंत तिथे पुन्हा डाग पडायचा. एका वर्षी त्यांनी तिथे पाटी लावली, 'येथे टेकू नये'. काकूंना अक्षरओळख बेताची होती. त्यांनी पाटी काढली आणि उशीसारखी पाठीमागे घेतली.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. घर एकदम गप्प झालं. संध्याकाळी स्वयंपाक करताना माझे कान उगीच भिंतीकडे लागायचे आणि पलीकडून काहीच यायचं नाही. मला ते सहन होत नसे. मी रेडिओ लावायची.

वर्षश्राद्धाला पुण्याहून मुलगा आला, संतोष. तो म्हणाला, "अण्णा, दिवाळीला सगळं घर रंगवून घेऊ. भिंती फार खराब झाल्यात." दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात उभे.

"बाई, चला वजिराबादला. चित्र घ्यायचंय. तुमाला त्यातलं कळतंय."

मला वाटलं, बरं झालं, माणसाला कशाची तरी हौस वाटली. वजिराबादच्या बाजारात दुकानदाराने सात पळते घोडे दाखवले, मावळता सूर्य दाखवला, बुद्धाची शांत मुद्रा दाखवली. मी एकेक निरखत होते. काका मात्र एकाही चित्राकडे बघत नव्हते. त्यांनी खिशातून सुतळीचा एक तुकडा काढला होता. तिला दोन गाठी मारलेल्या. प्रत्येक चित्रावर सुतळी धरायची आणि मान हलवायची. घोडे आखूड पडले. सूर्य अरुंद निघाला. शेवटी एका गडद निळ्या चित्रावर सुतळी धरली, तर चारी बाजूंनी वर दोन बोटं जागा उरली. काका म्हणाले, "हेच द्या."

"काका, यावर काय आहे ते तरी बघा."

त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. "हरणं हायेत," म्हणाले. "असू द्या. खाणार थोडंच हायेत."

घरी आणून त्यांनी ते काकूंच्या जागेवर लावलं. आठवडाभरात बाकीच्या भिंतींवरही निळी चित्रं आली, तेवढ्याच उंचीवर. मग संतोषला फोन गेला, "आता रंग कशाला? चित्रं लावायलोय म्या. झाकलं समदं." संतोषने कपाळाला हात लावला असणार. गल्लीने काकांना चक्रम ठरवलं आणि मीही त्यात हो ला हो केलं.

असं दोन वर्षं चाललं. मग संतोषचं लग्न ठरलं, उदगीरच्या, म्हणजे आमच्या लातूर जिल्ह्यातल्या मुलीशी. आता लग्नघर म्हटल्यावर रंग आलाच. युनूसभाई पेंटर डबे घेऊन आले. काकांनी आतली खोली दिली, स्वयंपाकघर दिलं, बैठकीच्या तीन भिंती दिल्या. चौथी द्यायला तयार होईनात. हरणांना पाठ लावून सतरंजीवर बसून राहिले.

"अण्णा, उठा ना. तेवढंच राहिलंय."

"ऱ्हाऊ दे."

"वरातीला लोक येणार. एक भिंत तशीच?"

"म्या बसतो की हितं. माज्यामागं कोण बघतंय?"

युनूसभाई वैतागून माझ्याकडे आले. "मॅडम, काका कू समझाओ ना. ये दीवार का रंग डब्बे में सूख जाएगा." मी समजवायला गेले. काकांनी मलाच चहा करायला लावला.

पण लग्नाची पहिली पत्रिका कुलदैवताला ठेवायला यजमानाने स्वतः जायचं असतं. त्यांचं दैवत बिलोलीकडे. काका सकाळच्या बसने गेले. जाताना मला बजावून गेले, "बाई, हरणावर लक्ष ठेवा." त्यांची बस गोदावरीच्या पुलापुढे गेली नसेल, तोवर संतोषने चित्राला हात घातला. मी "अरे, थांब" म्हणत भिंतीपर्यंत पोचले तेव्हा हरणं खाली आलेली होती.

चित्राच्या मागे भिंतीवर एक डाग होता. ताटलीएवढा, कडेला फिका आणि मधे चहाच्या रंगाचा. वरच्या बाजूला अंबाड्याचा थोडासा उंचवटा उमटल्यासारखा. संतोष खाली बसला. त्याने डागाजवळ नाक नेलं. मेथीदाण्याचा वास तीन वर्षांनी राहतो की नाही मला माहीत नाही. पण तो बराच वेळ तसाच बसला होता आणि मला आत जाऊन डोळे पुसावे लागले.

"भाई, मारूं क्या?" युनूसभाईंनी ब्रश धरून विचारलं.

"बाजूने मारा," संतोष म्हणाला. "याला सोडून."

संध्याकाळी काका आले. पिशवी दारात ठेवली आणि उभेच राहिले. चारी बाजूंनी पांढरीशुभ्र भिंत, मधे जुन्या रंगाचा चौकोन आणि त्यात तो डाग. चित्र बाजूला टेकवलेलं. आम्हा दोघांना वाटलं, आता तोफ धडाडणार.

काका जवळ गेले, वाकले आणि म्हणाले, "कड वाकडी मारली युनूसनं."

मग सतरंजीवर बसले. संतोष त्यांच्याशेजारी बसला. काका भिंतीकडे बघतच बोलले, "एकच चित्र खाली लावलं असतं तर माणसांनी इचारलं असतं, हेच कामून खाली? म्हून समदीच खाली लावली. आन् ह्या मापाचं निळंच मिळालं, म्हून समदीच निळी."

म्हणजे तो निळा टॉवेलसुद्धा! मला एकाच वेळी हसू आणि रडू यायला लागलं. मी आपली चहाला उठले.

हरणं पुन्हा जागेवर गेली. वाकडी कड झाकली गेली. लग्न थाटात झालं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याने चित्रं खाली का, हे विचारलं आणि काकांनी प्रत्येकाला बसल्या डोळ्याची थिअरी ऐकवली. संतोष शेजारी उभा राहून गंभीरपणे मान हलवत होता.

सून आली, प्रियंका. मोकळ्या स्वभावाची आणि दाट केसांची. पुण्याला जायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी त्यांच्या बैठकीत मेथी निवडत बसलो होतो. तिने सकाळीच डोक्याला तेल लावलेलं. निवडता निवडता ती सरकली आणि हरणांसमोरच्या नव्या पांढऱ्या भिंतीला तिने आरामात डोकं टेकलं.

"अगं, डोकं!" संतोष खुर्चीतून ओरडला. "भिंतीला तेल लागतंय! नवा रंग आहे!"

तोच शब्द, तोच सूर. प्रियंका दचकून ताठ बसली. मी मेथीची जुडी हातात धरून काकांकडे बघत राहिले. काका वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली ठेवलं.

"लागू दे," काका म्हणाले.

"अण्णा, पण नवीन..."

"लागू दे म्हणलं ना. म्या लई वरडलो रे. भाड्याच्या घरात मालक वरडायचा, हितं म्या वरडलो. तिला निवांत टेकू कुठंच दिलं न्हाई." मग सुनेकडे वळून म्हणाले, "टेक माय. चांगली टेकून बस."

प्रियंका संकोचली, मग हळूच टेकली.

ती दोघं पुण्याला गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात. हातात सुतळी, तिला दोन गाठी.

"चला बाई, वजिराबादला."

"आता कुणाचं माप, काका?"

"सुनेचं. काल ती गाडीत बसायच्या आधी घेतलं. दिवाळीला येईल, टेकंल, अन् ह्यो पुन्हा वरडंल." त्यांनी सुतळी जपून खिशात ठेवली. "ह्या बारीला काचेचं नको, डोक्याला टोचतंय. कापडाचं बघू, आतनं कापूस भरलेलं."

"आणि रंग?" मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही लातूरच्या माणसाला शेवटपर्यंत काही कळत नाही. मी गॅस बंद केला आणि पायात चपला घातल्या.